हलक्या बादलीचं कौतुक

मित्रांनो, तुम्ही मला नक्की पाहिलं आहे. फक्त त्या वेळी तुमचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, माझ्यात काय आहे तिकडे होतं! माझी मुळीच तक्रार नाही. भूक लागलेल्या माणसाने डावाकडे तसंच बघायचं असतं.

होय, मी डाव. सूप वाढायचा मोठा डाव. खोल, गोल वाटी, तिला लांबच लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला अडकवायला आकडा. आता माझ्या वाटीला एका बाजूने पोचा आला आहे, दांडा जरासा वाकडा झाला आहे आणि चकाकी तर केव्हाच गेली. पण आवाज अजून खणखणीत आहे बरं का. पातेल्याच्या काठावर मला एकदा आपटून बघा, पार शेवटच्या टेबलावरची माणसं माना वळवतील!

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. आधी मी नुसता सपाट पत्रा होतो. मग यंत्राचा एक दणका डोक्यात बसला आणि मी असा खोल गेलो की परत वर आलोच नाही. दांडा जोडला, कडा घासल्या. शेवटी पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरलं तेव्हा इतक्या गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! माझ्याबरोबरचे डाव कुठेकुठे गेले. एक रुग्णालयात, एक वसतिगृहात, एक तर म्हणे जहाजावर. मी मात्र मनाशी ठरवूनच टाकलं होतं की आपण राजवाड्यात जायचं.

आणि गंमत म्हणजे मी खरंच राजवाड्यात गेलो!

राजवाडा थर्माकोलचा होता, एवढंच.

ते एक भलंमोठं करमणुकीचं पार्क होतं. पाळणे, घसरगुंड्या, भुताचं घर, पाण्यात उडी मारणाऱ्या होड्या, आणि या सगळ्याच्या मधोमध राजवाड्याच्या आकाराचं उपाहारगृह. पुढून बघाल तर बुरूज, झरोके, रंगवलेल्या विटा. मागून बघाल तर साधं आपलं स्वयंपाकघर. शेगड्या, धूर ओढणारा खडखड्या पंखा, भांडी घासायची मोरी आणि खरकटी ताटं आत सरकवायची एक खिडकी. बाहेरून सारख्या किंकाळ्या ऐकू यायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, सूप तिखट झालंय म्हणून लोक ओरडतायत! मग कळलं की ते पाळण्यात बसून, हौसेने, तिकीट काढून ओरडतायत. माणसांचं काही सांगता येत नाही.

या स्वयंपाकघराची राणी म्हणजे मावशी. आचारीणच ती, पण पार्कच्या मालकीणबाईसुद्धा तिला मावशीच म्हणायच्या. सकाळी आली की आधी पातेलं चढवायची. कांदा, गाजर, बटाटा, टोमॅटो, सगळं स्वतः चिरायची, मंद आचेवर शिजू द्यायची. दुपारपर्यंत सुपाला असा वास सुटायचा की भुताच्या घरातली भुतंसुद्धा मुखवटे वर करून विचारायला यायची, "मावशी, झालं का?" सुपाबरोबर भट्टीतला गरम पाव आणि लोण्यात परतलेले बटाटे. बस्स, एवढंच. पण ते मनापासून.

आणि वाढायला मी! मावशी मला पातेल्याच्या तळापर्यंत न्यायची, म्हणजे नुसतं पाणी नाही, भाज्याही येतील. काही वाढपी शेवटी मनगटाला हळूच झटका देतात, त्याने डावातलं थोडं परत पातेल्यात पडतं आणि समोरच्याला पत्ताही लागत नाही. मावशीने आयुष्यात कधी तो झटका दिला नाही. काठोकाठ भरलेला मी सरळ ताटातल्या वाडग्यावर जाऊन उपडा व्हायचो.

त्याचं कारण पार्कच्या दारात होतं. तिथे एक लांब टेबल मांडलेलं असायचं. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, असा पार्कचा नियम. मग घरून आणलेले डबे, फळं, बिस्किटांचे पुडे त्या टेबलावर ठेवायचे आणि घरी जाताना परत घ्यायचे. मावशी रोज सकाळी त्या टेबलावरूनच कामाला यायची. कोण कुठल्या कष्टाने डबा बांधून आणतं, कोण दरवानाशी हुज्जत घालतं, कोणाचं पोर डब्याकडे वळून वळून बघत आत जातं, हे सगळं ती बघायची.

"आपण त्यांचा डबा दारात काढून घेतो," ती म्हणायची. "मग निदान डब्यात होतं तेवढं तरी पोटात पडायला नको? वर त्याचे पैसे घेतोय आपण, ते वेगळंच."

"मावशी, तुमच्या हाताला ब्रेकच नाही," फेसोबा मोरीवरून ओरडायचा. भांडी घासणारा तो. कायम कोपरापर्यंत फेसात, म्हणून त्याचं नाव फेसोबा.

"आणि तुझ्या जिभेला आहे का रे? घास ती ताटं!"

तिसरा आमचा अस्वलभाऊ. तो अस्वलाचा पोशाख घालून पार्कभर नाचायचा आणि मुलांना मिठ्या मारायचा. जेवायला आला की अस्वलाचं मुंडकं काढून शेजारच्या स्टुलावर ठेवायचा आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचा, मुलांना दिसू नये म्हणून. मावशी मुंडक्यापुढेही पावाचा एक तुकडा ठेवायची. "त्यालाही बघत बसायला कसंतरी वाटत असेल," म्हणायची.

काय सांगू मित्रांनो, ते दिवस सोन्याचे होते! एक आजोबा तर ओळखीचेच झाले होते. नातवंडांना पाळण्याच्या रांगेत उभं करून ते थेट आमच्याकडे यायचे. "पाळण्यात पोरांनी बसावं. मी या सुपासाठी तिकीट काढतो," असं म्हणायचे आणि माझ्याकडे असे बघायचे, असे बघायचे, की मी लाजून आणखी चकाकायचो.

पण आमच्याकडे एक दुखणंही होतं, ते लपवत नाही. ती खरकट्याची बादली. मोरीजवळ चाकांवर उभी असलेली, ही एवढी मोठी. मुलं गरगर फिरणाऱ्या चक्रीतून उतरायची ती सरळ आमच्या दारात. डोळे फिरलेले, चेहरे हिरवेगार, पोटात ढवळतंय, आणि समोर काठोकाठ वाडगा! दोन चमचे खायची आणि उरलेलं तसंच टाकून पुन्हा चक्रीकडे पळायची. फेसोबा ताटं बादलीत निपटायचा. संध्याकाळी ती ढकलताना तिची चाकंसुद्धा कुरकुरायची. मावशी त्या वेळी मुद्दाम पाठ फिरवून शेगडी पुसत राहायची.

मग नवे साहेब आले. पार्कचे व्यवस्थापक.

आता तुम्ही म्हणाल, आला खलनायक! पण तसं नव्हतं हो. साहेब भला माणूस होता. आल्या आल्या सगळ्यांशी हसून बोलला. बटाट्यांचं पोतं जड होतं तर बाह्या सरसावून स्वतः उचलू लागला, आणि ते पायावर पाडूनही घेतलं. फक्त एक गोष्ट होती. साहेबांना बाहेरचं सोसत नसे. त्यांचा डबा घरून यायचा आणि ते तो कचेरीत बसून खायचे. मावशीने दोनदा आग्रह केला, दोनदा त्यांनी हात जोडले.

एका दुपारी ते आले ते पडलेल्या चेहऱ्याने.

"मावशी, मालकीणबाईंनी बादली बघितली."

मावशीच्या हातातला पाव हातातच राहिला.

"म्हणतात, एवढं अन्न फुकट जातंय म्हणजे लोकांना ते आवडत नाही. मग चूल हवी कशाला? तयार जेवणाची पाकिटं मागवा, यंत्रात गरम करा, द्या."

"आणि आम्ही?"

साहेबांनी मान खाली घातली. फेसोबाच्या हातावरचा फेस टपटप खाली पडत होता.

लगेच दुसऱ्या दिवशी पाकीटवाला नमुने घेऊन हजर! यंत्राने टिंग केलं, पाकीट फुगलं, फाडलं. आत राखाडी रंगाचं काहीतरी होतं, वर हिरवे ठिपके. "हे सूप," पाकीटवाला म्हणाला. सांगितलं हे बरं केलं. फेसोबाने चाखलं आणि गप्पच बसला. फेसोबा गप्प बसला म्हणजे विचार करा! अस्वलभाऊने एक घास घेतला, स्टुलावरचं मुंडकं उचललं आणि म्हणाला, "साहेब, हे खाण्यापेक्षा मी माझं हे डोकं खाईन."

साहेब हसले, पण डोळे काळजीतच होते. त्यांना खरोखर आमची चूल वाचवायची होती. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. दुसऱ्या दिवशी येताना कागदात गुंडाळून एक नवाकोरा डाव आणला. पिटुकला! माझ्या वाटीत असे दोन बसले असते, वर जागाही उरली असती.

"आजपासून या डावाने वाढायचं. एकदाच. पुन्हा मागितलं तर नाही म्हणायचं. मी रागावतो म्हणून सांगा हवं तर, माझ्यावर ढकला सगळं. बादली हलकी झाली की मालकीणबाई गप्प बसतील."

"साहेब, एवढ्याने पोट भरेल का हो पोराचं?"

"मावशी, तुमच्यासाठीच करतोय ना मी हे?"

मावशीने एकदा मोरीकडे बघितलं. फेसोबाच्या घरी तीन लेकरं. अस्वलभाऊची म्हातारी आई. आणि स्वतः मावशीचं तर अख्खं आयुष्य त्या पातेल्याच्या वाफेत गेलेलं. तिने मला धुतलं, पुसलं आणि मोरीवरच्या खिळ्याला अडकवलं. जाता जाता माझ्या दांड्यावरून एकदा बोट फिरवलं. त्या छोट्या डावाचा मला राग आला नाही, खरंच. त्याचा काय दोष? तो बिचारा आपल्या परीने काठोकाठच भरत होता.

खिळ्यावरचं आयुष्य फार वाईट असतं, मित्रांनो. वाफ वर येते आणि पाणी होऊन अंगावर बसते, त्यावर धूळ बसते. वास येतो, पण आपण त्यात नसतो. माझ्या वाटीत एका कोळ्याने घर केलं. तो निदान माझ्याशी बोलायचा तरी! पण त्या खिळ्याचा एक उपयोग झाला. मी बरोब्बर खरकट्याच्या खिडकीसमोर होतो. आजवर मी फक्त ताटं भरताना पाहिली होती, आता ती परत येताना दिसू लागली.

ताटं लख्ख येत होती! वाडग्याचा तळ पावाने पुसून घेतलेला. चमचे चाटलेले. एकदा तर कागदी रुमालावर सांडलेलं सूपही कुणीतरी रुमाल चोखून संपवलं होतं.

"साहेब, इतकी स्वच्छ ताटं येतात की घासायची लाज वाटते," फेसोबा म्हणाला. "साबण दाखवून परत ठेवलं तरी चालेल."

साहेब तर हवेतच! बादली एका हाताने उचलून दाखवायचे. "बघा, बघा मावशी! याला म्हणतात लोकांना जेवण आवडणं! जेवढी बादली हलकी तेवढं जेवण चांगलं." मालकीणबाईंनी म्हणे फोनवर शाबासकी दिली. त्या आनंदात साहेबांनी केक आणला, सगळ्यांना वाटला. मावशीने आपला तुकडा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

कारण रांगेतलं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"एवढंच?"

"अहो, एवढ्या पैशात घरी आठवड्याचं सूप होईल!"

"चल बाळा, रडू नको. संध्याकाळी डबा परत मिळेल ना, तेव्हा खाऊ."

खिडकीतून मला एक बाई दिसायची. म्हणजे रोज वेगळी, पण वागणं तेच. दोन मुलं असायची. ती आपला पाव अर्धा अर्धा मोडायची आणि दोघांच्या ताटात ठेवायची. "मला नाही भूक, तुम्ही खा," म्हणायची. आणि मुलं खाताना त्यांच्या चमच्याबरोबर तिची नजर वर जायची, खाली यायची.

अस्वलभाऊ एके दिवशी दंड चोळत आला. "मावशी, आजकाल पोरं मला मिठी मारत नाहीत, चावतात!"

"भुकेली असतात रे ती," मावशी पुटपुटली.

मग तिने धीर करून साहेबांना गाठलं. "साहेब, पोरं अर्धपोटी जातायत."

"मावशी, कुणी तक्रार केली का?"

"तक्रार कोण करतंय? सुटीचा दिवस असतो त्यांचा. भांडण नको म्हणून उठून जातात."

"मग झालं तर! तुम्ही उगाच मनाला लावून घेता. बादली खोटं बोलत नाही."

बादली खोटं बोलत नव्हती, हे खरंच. पण ती जे बोलत होती ते साहेबांना उलटंच ऐकू येत होतं! मी खिळ्यावरून किती ओरडलो असेन! पण डावाला आपटल्याशिवाय आवाज फुटत नाही आणि मला आपटायला कुणी नव्हतं.

आणि मग सुटीच्या एका दिवशी साहेबांची आई आणि साहेबांची लेक पार्क बघायला आल्या.

लेक असेल सात-एक वर्षांची, दोन घट्ट वेण्यांची, एक दात पडलेली. दरवानाला काही त्या कोण ते माहीत नव्हतं. त्याने आजीचा डबा टेबलावर ठेवून घेतला. नियम सगळ्यांना सारखा! आजी आणि नात आधी होडीत बसल्या, मग भुताच्या घरात, मग पुन्हा होडीत. आणि मग सडकून भूक लागल्यावर आमच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. मावशीलाही त्या कोण हे ठाऊक नव्हतं. तिने छोट्या डावाने वाढलं. एकदाच.

थोड्या वेळाने साहेब फेरी मारत मोरीपाशी आले, आणि नेमकी त्याच वेळी खिडकीत लेक उभी! दोन्ही हातांत ताट, आणि वाडगा असा तोंडावर घेतलेला की फक्त वेण्या दिसतायत. जिभेने आतून चाटणं चाललं होतं. मागे आजी.

"अगं, तू इथे!" साहेबांचा चेहरा फुलला. त्यांनी फेसोबाच्या पाठीवर थाप मारली. "बघा! मावशी, या इकडे, बघा! ही माझी लेक. घरी एक पोळी खायला हिच्यामागे अर्धं घर पळतं, आणि इथे वाडगा चाटतेय! आणखी काय पुरावा हवा?"

लेकीने वाडगा खाली केला. नाकाच्या शेंड्यावर सुपाचा थेंब होता.

"बाबा, भूक लागलीय."

"आत्ताच जेवलीस ना?"

"ते जेवण होतं?" तिने अगदी खरंखुरं विचारलं. "मला वाटलं, चव बघायला दिलंय."

फेसोबाला खोकला आला. साहेबांचं हसू अजून चेहऱ्यावरच होतं, पण आता ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

"माझा पावही तिलाच दिला रे मी," आजी म्हणाली. "डबा तुझ्या त्या माणसाने ठेवून घेतला. चांगला भरून आणला होता."

"मग आणखी मागायचं ना, आई!"

"मी मागितलं," लेक म्हणाली. "जाऊन विचारलं, अजून मिळेल का? तर त्या मावशी म्हणाल्या, बाळा, मला द्यायचंय गं, पण साहेब रागावतात." तिने बापाकडे मान वर करून बघितलं. "बाबा, ते साहेब कोण आहेत? तुम्ही त्यांना सांगा ना."

मावशीने पदराचं टोक तोंडाला लावलं.

साहेब वळले आणि बादलीपाशी गेले. वाकून आत बघितलं. बादली जवळजवळ कोरडी होती, त्यांची लाडकी हलकीफुलकी बादली! मग ते खिडकीतून बाहेर टेबलांकडे बघू लागले. बहुधा पहिल्यांदाच. एक मुलगा बोटाने वाडगा पुसत होता. एक बाई पाव मोडत होती. एक बाप रिकाम्या ताटात चमचा फिरवत दूरवरच्या पाळण्याकडे बघत बसला होता. आणि सगळी, सगळी ताटं लख्ख होती.

"मी बादली बघत बसलो," साहेब अगदी हळू म्हणाले. "माणसं बघितलीच नाहीत."

तेवढ्यात माझ्या अंगाला हात लागला! मावशी टाचा उंचावून मला खिळ्यावरून काढत होती. तिने कोळ्याला अलगद खिडकीबाहेर सोडलं, मला घासलं, नळाखाली धरलं.

"साहेब, चूल जायची तर जाऊ दे," ती म्हणाली. "मी दुसरीकडे कुठे तरी भांडी घासेन. पण मागायला आलेल्या पोराला आता मी नाही म्हणायची नाही. माझ्याच्याने होत नाही ते."

साहेबांनी लेकीच्या हातातला वाडगा घेतला आणि स्वतः मावशीपुढे धरला.

"वाढा, मावशी."

अहाहा, ती ऊब! किती काळाने मी त्या पातेल्यात उतरलो! गाजरं मला धडकली, बटाटे अंगाला घासून गेले, आणि मी तळापर्यंत जाऊन काठोकाठ भरून वर आलो. लेक खिडकीतच उभी राहून खाऊ लागली. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने ते बघितलं आणि तो वाडगा घेऊन आला. "मलापण?" "हो रे राजा, तुलापण!" मग त्याची बहीण आली. मग ती बाई. मग इतके लोक उठले की साहेबांना पाव वाटायला उभं राहावं लागलं. गडबड ऐकून अस्वलभाऊ धावत आला, मुंडकं काखेत मारूनच! "अस्वलाच्या आत काका आहेत!" कुणीतरी किंचाळलं आणि अख्खा राजवाडा हसायला लागला. पातेल्याचा तळ लागला तेव्हा मला तो पोचा पडला, अगदी शेवटचा थेंब खरवडताना. हा बघा. मला तो फार आवडतो.

पण हसून प्रश्न सुटत नाहीत. मालकीणबाईंना काय सांगायचं? साहेबांनी ते काम दुसऱ्या कुणावर ढकललं नाही. स्वतः फोन केला आणि म्हणाले, "माझं चुकलं. बादली हलकी आहे कारण मुलं उपाशी आहेत." पलीकडून एवढंच उत्तर आलं, "मी उद्या येते."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. मालकीणबाई आल्या त्या थेट बादलीकडे! मावशीने डोळे मिटून घेतले. आणि बादली? हलकीच होती! सकाळपासून मावशीने आधी छोट्या डावाने वाढलं होतं आणि "पुरलं नाही तर या हं, अजून आहे" असं प्रत्येकाला बजावलं होतं. चक्रीतून आलेली हिरवी मुलं थोडंसंच खाऊन गेली. भुकेली मुलं परत आली आणि तेव्हा मी होतो. टाकायला कुणाकडेच काही उरलं नाही.

"आधीही हेच करायला हवं होतं मी," मावशी म्हणाली. "पण माझा हात एकदम सुटायचा."

"आणि पैसे तेवढेच?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तेवढेच," साहेब ठामपणे म्हणाले. "दारात डबा आपण ठेवून घेतो, बाई."

मालकीणबाईंनी एक वाडगा मागवला आणि तिथेच टेबलाशी बसून खाल्ला. खाऊन झाल्यावर त्या वाडग्याकडे बघत राहिल्या. चमचा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. सगळे त्यांच्या निर्णयाची वाट बघत होते. एकट्या मावशीच्या लक्षात आलं. ती मला घेऊन पुढे झाली.

"अजून थोडं?"

मालकीणबाई चक्क लाजल्या! "म्हणजे, असेल तर," त्या म्हणाल्या.

विचार करा, मित्रांनो! स्वयंपाकघर ज्यांचं, पातेलं ज्यांचं, अगदी मीसुद्धा ज्यांच्या मालकीचा, त्यांनासुद्धा अजून मागायला जीभ रेटेना! मग ज्यांचा डबा दारात राहिलाय त्यांनी कसं मागायचं? मावशीला ते त्या क्षणी उमगलं. पाकीटवाल्याला नको म्हणून कळवलं गेलं, चूल राहिली, फेसोबाही राहिला आणि त्याची जीभही. पण सगळ्यात मोठा बदल असा की मावशी आता लोक खिडकीशी येण्याची वाट बघत नाही. एका हातात पातेली, दुसऱ्या हातात मी, अशी ती टेबलांमधून फिरते. दुपारी साहेबही कुठल्यातरी टेबलावर बसलेले असतात, वाडगा घेऊन. बाहेरचं त्यांना आता सोसतं.

मी आता म्हातारा झालो आहे. दांडा सैल झालाय. एक दिवस तो निखळेल आणि माझ्या जागी दुसरा कुणी येईल. त्याआधी तुम्हाला एवढंच सांगावंसं वाटतं. ताटात आधी थोडंच घ्या, खरंच. आणि पोट भरलं नसेल तर मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुढे कधीतरी तुमच्या हातातही डाव येईल. घरात, शाळेत, कुठे तरी. तेव्हा समोरचं ताट रिकामं दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. जरा वर, त्या माणसाच्या तोंडाकडे बघा आणि तुम्हीच आधी विचारा.

चला, मला निघायला हवं. पलीकडच्या टेबलावर एक आजी पावाचे इवलेइवले तुकडे करून, सूप पुरवून पुरवून खातायत. इकडे तिकडे बघतायत, पण हाक मारत नाहीत. मावशीने मला उचललं आहे.